मुंबईत कायदेशीर 'सायकेडेलिक थेरपी': क्लिनिक निवडताना काय काय तपासावं?

खाडीपलीकडे

मंडळी, डिप्रेशनच्या धाग्यावर हा विषय वारंवार अवांतर म्हणून निघतो, म्हणून वेगळा धागा काढतोय. इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातींत 'सायकेडेलिक' (म्हणजे मनाची जाणीव बदलणारी औषधं), 'माइंड रीसेट' असं बरंच काही लिहिलेलं असतं. आपल्याकडे डॉक्टरांच्या देखरेखीखाली कायदेशीरपणे मिळतं ते केटामाइन. सायलोसायबिन (नशेच्या मशरूममधलं द्रव्य), एलएसडी, एमडीएमए, डीएमटी ही सगळी १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्याच्या यादीत आहेत. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून परवानाधारक मनोविकारतज्ज्ञ सायलोसायबिन आणि एमडीएमए लिहून देऊ शकतात, अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमएचा अर्ज परत पाठवला. या बातम्या वाचून मुंबईत कोणी 'आमच्याकडेही आहे' म्हणालं तर तिथून काढता पाय घ्यावा.

केटामाइन हे मुळात भुलीचं औषध आहे, डिप्रेशनसाठी ते 'ऑफ-लेबल', म्हणजे मंजुरी ज्या आजारासाठी आहे त्यापलीकडे, वापरलं जातं. म्हणजे बेकायदा नाही, पण डॉक्टरने तसं स्पष्ट सांगून लेखी संमती घ्यायला हवी.

जाणकारांनी भर घालावी. क्लिनिकची नावं टाकू नका, ना कौतुकाला ना तक्रारीला. धाग्याचा आखाडा होतो. काय तपासायचं तेवढंच लिहा.

सायनचा पूल

क्लिनिक निवडण्याच्या आधीचा प्रश्न हा की ही गोष्ट आपल्याला लागते का. नेहमीचा निकष असा: दोन वेगवेगळी डिप्रेशनची औषधं, पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी साधारण ६ ते ८ आठवडे घेऊनही फरक नाही. 'गोळी दहा दिवस घेतली, मग सोडली' हे यात मोजत नाहीत.

पहिल्या भेटीत डॉक्टर जुने केस पेपर मागतात का, कोणती गोळी किती मिलिग्रॅम किती आठवडे हे लिहून घेतात का, यावरून निम्मा निकाल लागतो. जिथे पहिल्या फोनवरच 'सहा सेशनचं पॅकेज आहे, उद्या या' म्हणतात, तिथे तपासणी कोणी करणारच नाही.

कोणाला नाही म्हणायला हवं: सध्या किंवा पूर्वी सायकोसिस (भास-भ्रम होणं, वास्तवाचं भान सुटणं), ताब्यात नसलेलं बीपी, रक्तवाहिनीचा अन्यूरिझम (फुगवटा), नुकताच हार्ट अटॅक किंवा पक्षाघात, गरोदरपण, सध्याचं व्यसन. बायपोलर असेल तर मूड स्टॅबिलायझर चालू आहे ना, हे आधी बघावं लागतं. थायरॉइड वाढलेला असेल तर तो आधी आटोक्यात आणतात.

मुंबईत नेमकी अडचण होते ती क्लोनाझेपामची. झोपेसाठी म्हणून ०.५ ची गोळी वर्षानुवर्षं घेणारे पुष्कळ. या गटातल्या गोळ्यांनी केटामाइनचा परिणाम कमी होऊ शकतो. पण म्हणून आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही, फिट येऊ शकते. चांगलं क्लिनिक ती हळूहळू कमी करायचा तक्ता देतं किंवा निदान सेशनच्या आदल्या रात्रीच्या गोळीचं काय करायचं ते लिहून देतं. हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, तर समजा की त्यांना फक्त सलाईन लावता येतं.

भूलभुलैया

आता खोलीतलं बोलू. जास्त गफलती तिथेच होतात.

ठरलेला डोस ०.५ मिलिग्रॅम प्रति किलो, ४० मिनिटांत, शिरेतून. ७० किलोच्या माणसाला ३५ मिलिग्रॅम. आपल्या बाजारात ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर ताकदीचं औषध सर्रास मिळतं, १० चंही मिळतं. पहिल्यातून ०.७ मिलिलिटर काढायचं, दुसऱ्यातून ३.५. बाटली बदलली आणि हाताला जुनीच सवय राहिली की ३.५ मिलिलिटर ५० च्या बाटलीतून निघतं. ते झालं १७५ मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे २.५. एवढ्यात माणूस चक्क ऑपरेशनच्या भुलीत जातो. म्हणून विचारा: औषध भरताना दुसरा माणूस बाटलीवरचं लेबल मोठ्याने वाचतो का? सिरिंजवर नाव, एकूण मिलिग्रॅम आणि वेळ लिहिलेलं लेबल लावतात का? हे दोन प्रश्न विचारले म्हणून कोणी चिडलं, तर उत्तर मिळालं असं समजा.

सिरिंज पंप हवाच. ३५ मिलिग्रॅम नॉर्मल सलाईनमध्ये ५० मिलिलिटरपर्यंत पातळ केलं, तर पंप ताशी ७५ वर लावला की बरोबर ४० मिनिटं होतात. पंप नसेल आणि बाटली लटकवून थेंब मोजत असतील, तर हात हलला, कोपर दुमडलं की थेंब थांबतात, सरळ केलं की धावतात. दहा मिनिटांत निम्मा डोस गेला की माणूस घाबरतो, बीपी चढतं, आणि 'मला हे औषध सोसत नाही' असा चुकीचा शिक्का कायमचा बसतो.

वजन क्लिनिकच्या काट्यावर करा, तोंडी सांगू नका. लठ्ठपणा बराच असेल तर प्रत्यक्ष वजनाऐवजी आदर्श वजनावर डोस काढणं जास्त सुरक्षित.

मॉनिटर: ईसीजी, ऑक्सिजन, आणि दर ५ ते १० मिनिटांनी बीपी. बीपी थोडं चढणारच, सलाईन संपण्याच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं आणि तासा-दोन तासांत उतरतं. सुरुवातीलाच १४०/९० च्या वर असेल तर त्या दिवशी थांबणं शहाणपणाचं. रुग्ण टॅक्सीचे पैसे खर्चून आलाय म्हणून 'बघू, होईल' म्हणणारी जागा नको.

ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का, घशातला स्राव ओढून काढणारं सक्शन चालतं का, हाताने श्वास देण्याची अँबू बॅग हाताशी आहे का, डिफिब्रिलेटर कुठे आहे. हे सगळं पाच मिनिटांत दाखवता येतं.

आणि एक खास मुंबईची गोष्ट: जिना आणि लिफ्ट बघा. दादर-गिरगावात जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, लोखंडी जाळीच्या दोन माणसांच्या लिफ्टने वर नेणाऱ्या जागा आहेत. स्ट्रेचर त्यात मावत नाही. वेळ आली तर आडवा माणूस खाली कसा आणणार, जवळचं आयसीयू कुठलं आणि त्यांच्याशी लेखी बोलणं झालंय का, हे विचारायला लाजू नका.

गच्चीवरची तुळस

भूलभुलैया, छान माहिती. पण भूलतज्ज्ञ समोर बसलेलाच हवा का? काही ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ आणि सिस्टर एवढेच असतात. ०.५ चा डोस तर कमीच आहे ना?

भूलभुलैया

डोस कमी आहे हे खरं. शास्त्र म्हणून बघाल तर श्वासनलिका सांभाळता येणारा आणि एसीएलएस (हृदय बंद पडल्यावर करायच्या उपचारांचं प्रशिक्षण) केलेला डॉक्टर पूर्ण वेळ खोलीत असला पाहिजे, मग त्याची पदवी कुठलीही असो. मला विचाराल तर छोट्या क्लिनिकमध्ये भूलतज्ज्ञच असावा, कारण मदतीला धावून येणारं दुसरं कोणी तिथे नसतं. मोठ्या रुग्णालयाच्या डे-केअरमध्ये बेल दाबली की दोन मिनिटांत माणूस येतो, तिथे थोडी सूट चालेल. 'डॉक्टर बाजूच्या केबिनमध्ये ओपीडी बघतायत, लागलं तर बोलावू' हे मात्र अजिबात नको.

सायनचा पूल

माझं मत किंचित वेगळं. भूलतज्ज्ञ आहे पण मनोविकारतज्ज्ञ फक्त लेटरहेडवर आहे, असा उलटा प्रकार मला जास्त खटकतो. सलाईन सुरक्षित जातं, पण चौथ्या सेशननंतर आत्महत्येचे विचार वाढले तर ते ओळखणार कोण? दोघंही हवेत. एकालाच निवडायची वेळ येत असेल तर क्लिनिक बदला.

दुसरी प्रत

औषधाच्या कागदपत्रांबद्दल थोडं. केटामाइन २०१३ साली शेड्युल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत गेलं. म्हणजे चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत केमिस्टने दोन वर्षं जपून ठेवायची आणि साठा कुलपात. शिवाय एनडीपीएसखालीही ते येतं.

रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच: औषध क्लिनिकमध्येच रहायला हवं. 'घरी न्या, जिभेखाली ठेवा, आम्ही झूमवर आहोत' किंवा कुरियरने गोळ्या, हे प्रकार टाळा. पोटातून घेतलेल्या केटामाइनपैकी रक्तात पोचतं जेमतेम २० टक्के, नाकातून साधारण ४५, स्नायूत ९० च्या वर. त्यामुळे घरी 'काहीच झालं नाही' म्हणून दुसरी गोळी घेणं आणि मग एकदम चढणं, हे ठरलेलं.

१० मिलिलिटरच्या बाटलीत ५०० मिलिग्रॅम असतं. एका रुग्णाला ३५ लागलं तर उरलेलं कुठे गेलं? रजिस्टरमध्ये तारीख, वापर, शिल्लक आणि दोन सह्या असतात. तुम्हाला रजिस्टर दाखवणार नाहीत, त्यात इतरांची नावं असतात, ते योग्यच. पण तुमच्या केस पेपरवर बॅच नंबर, एक्सपायरी आणि नेमके मिलिग्रॅम लिहून द्या म्हणून सांगता येतं.

गच्चीवरची तुळस

कर्जत, गोव्याकडे 'प्लांट मेडिसिन रिट्रीट' म्हणून जे चालतं त्याचं काय? कोणीतरी ग्रुपवर टाकलं होतं की केरळ हायकोर्टाने मशरूमला परवानगी दिली.

कलम आठ

परवानगी वगैरे काही दिलेली नाही. जानेवारी २०२५ मधला तो आदेश जामिनाचा होता. मशरूम म्हणजे निव्वळ बुरशी, तिला 'मिश्रण' म्हणता येणार नाही, त्यामुळे तिचं सगळं वजन सायलोसायबिनचं वजन म्हणून धरता येणार नाही, असा मुद्दा होता. सायलोसायबिन यादीत होतं, आहे. व्हॉट्सॲपवर मथळा तेवढा फिरला.

एनडीपीएसचं कलम ८ वैद्यकीय आणि शास्त्रीय वापराला वाट ठेवतं, पण ती नियम आणि परवान्याच्या चौकटीत. रिट्रीटवाल्याकडे तो परवाना नसतो. एलएसडीची व्यापारी मात्रा (कायदा विक्रीसाठीची मानतो ती) ०.१ ग्रॅमपासून सुरू होते, आणि व्यापारी मात्रेला किमान शिक्षा १० वर्षं. 'आम्ही फक्त सोय करून दिली' हा बचाव तिथे चालत नाही, आणि भाग घेणाराही कचाट्यात सापडतो.

क्लिनिकच्या बाजूने तीन कागद बघा. डॉक्टरांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, तो कौन्सिलच्या साइटवर पडताळता येतो. खाटा असतील तर १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याचं नोंदणीपत्र, ते दर्शनी भागात लावलेलं असायला हवं, मुंबईत ते पालिका देते. मुदत संपलेली नाही ना, तेही वाचा. रुग्णांना भरती करून ठेवत असतील तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखालची नोंदणी वेगळी. याच कायद्याच्या कलम २५ प्रमाणे स्वतःचे वैद्यकीय कागद मिळण्याचा हक्क आहे, मेहेरबानी नाही.

मधली सुट्टी

थेरपीचा भाग कोणीच काढला नाही अजून. जाहिरातीत 'असिस्टेड थेरपी' असतं, पण बऱ्याचदा थेरपी म्हणजे कानाला हेडफोन आणि डोळ्यांवर पट्टी.

विचारायचे प्रश्न: सेशनच्या आधी तयारीची निदान एक बैठक आहे का? सेशननंतर एक ते तीन दिवसांत बोलण्याची बैठक ठरलेली आहे का, आणि ती त्याच व्यक्तीबरोबर का? मानसशास्त्रज्ञ क्लिनिकल असेल तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक सांगा म्हणावं. 'सायकेडेलिक कोच', 'ट्रिप गाइड' अशा पदव्या आपल्या कायद्याला ठाऊक नाहीत.

संमतीपत्रात स्पर्शाबद्दल ओळ आहे का, ते नक्की बघा. माणूस अर्धवट भानात असताना खांद्यावर हात ठेवला तर चालेल की नाही, हे आधी शुद्धीत असताना ठरलेलं असावं. खोलीत दोन माणसं असावीत, त्यातली एक बाई असावी असं रुग्णाला वाटत असेल तर ते न कुरकुरता मान्य व्हावं.

सायनचा पूल

+१ स्पर्शाच्या मुद्द्याला. मात्र एक सांगायला हवं: केटामाइनवरचे मोठे अभ्यास बहुतेक नुसत्या औषधाचे आहेत. २०२३ च्या इलेक्ट-डी चाचणीत केटामाइन आणि ईसीटीची (भूल देऊन मेंदूला विजेचे सौम्य झटके देण्याच्या उपचाराची) तुलना झाली, सायकोसिस नसलेल्या रुग्णांत. प्रतिसाद केटामाइनला ५५.४ टक्के, ईसीटीला ४१.२. त्यात वेगळी थेरपी जोडलेली नव्हती. त्यामुळे थेरपीचे चौपट पैसे लावून 'त्याशिवाय उपयोग नाही' म्हणणाऱ्यांनी पुरावा दाखवावा.

मधली सुट्टी

पैशांच्या बाबतीत सहमत. पण त्याच अभ्यासात ज्यांना केटामाइनने गुण आला त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांचा आजार सहा महिन्यांत उलटला. तेव्हा हातात दुसरं काही असायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

हिशेबनीस

पैशांचा विषय निघालाच आहे तर. औषध जेनेरिक आहे, स्वस्त आहे. बिलात मोठा भाग बेड, भूलतज्ज्ञ आणि देखरेखीचा असतो, तो असायलाच हवा. म्हणून एकरकमी आकडा नको, फोड करून मागा: सल्ला, बेड, भूलतज्ज्ञ, औषध, थेरपी, तपासण्या. 'औषध' या ओळीपुढे हजारोंचा आकडा असेल तर कारण विचारा.

सहाचे पैसे आगाऊ भरू नका. नेहमीचा क्रम आठवड्याला दोन, तीन आठवडे. पण तीन-चार सेशननंतर काहीच हललं नसेल तर पुढे रेटण्यात अर्थ कमी. पैसे आधी घेतलेले असले की थांबा म्हणायला क्लिनिकचीही जीभ रेटत नाही. 'वापरलेल्या सेशनपुरतंच बिल' हे ईमेलवर घ्या.

विमा: २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला सांगितलंय, पण ऑफ-लेबल आणि डे-केअर या दोन शब्दांवर दावा अडतो. टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या संस्थेला) आधीच लेखी विचारा, फोनवरच्या 'होऊन जाईल'ला किंमत नाही.

परवडत नसेल तर केईएम, नायर, सायन, जेजे इथल्या मनोविकार विभागाच्या ओपीडीत आधी दाखवा. तिथे केटामाइन देतीलच असं नाही, पण निदान आणि औषधांचा इतिहास व्यवस्थित लिहून मिळतो, आणि ईसीटीसारखा पर्यायही समोर येतो.

सिस्टर ड्युटीवर

सेशनच्या दिवसाचं लिहिते. सहा तास घन अन्न नाही, दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, तो सहा तासांच्या हिशेबात. 'फक्त अर्धा कप घेतला' म्हणून ऐन वेळी सेशन रद्द होतं, आणि रद्द करायलाच हवं. बीपीची सकाळची गोळी डॉक्टरांना विचारून घोटभर पाण्याबरोबर.

नेलपॉलिश काढा, बोटाला लावलेला ऑक्सिजनचा क्लिप नीट वाचत नाही. सुई ज्या हाताला, त्याच्या दुसऱ्या हाताला बीपीचा पट्टा, नाहीतर पट्टा फुगला की पंप अलार्म करतो आणि रुग्ण दचकतो. लघवीला आधीच जाऊन या. मळमळ होणाऱ्यांना ओन्डान्सेट्रॉन आधी देतात.

खोलीचा आवाज ऐकून या, तेही त्याच वेळेला. बाजूला रीडेव्हलपमेंटचं ड्रिलिंग असेल तर डोळ्यांवरची पट्टी काही कामाची नाही. लालबाग-परळच्या आसपास क्लिनिक असेल तर गणपतीत आगमन आणि विसर्जनाच्या दिवसांची तारीख घेऊ नका: ढोल-ताशाही आणि बंद रस्तेही.

संपल्यावर निदान दोन तास निरीक्षण. सरळ रेषेत चालता आलं, बीपी मूळ पातळीवर आलं, तारीख-वार नीट सांगता आला की मगच सोडतात. सोबतीला माणूस हवाच, आणि तो शेवटपर्यंत थांबणारा. लोकलने जायचं नाही. चक्कर शिल्लक असताना प्लॅटफॉर्म आणि डब्यातली फट, त्यात संध्याकाळची गर्दी. टॅक्सी करा. दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी, स्कूटर, दारू, सही-शिक्क्याचे व्यवहार, सगळं बंद. पावसाळ्यात सकाळची वेळ मागा आणि भरतीचं वेळापत्रक बघून ठेवा, हिंदमाताला पाणी भरलं तर दोन तासांचे पाच होतात.

खाडीपलीकडे

सिस्टर, हे सगळं वाचनखुणांत टाकलं. सायनचा पूल, एक शेवटचं: सहा सेशन झाल्यावर क्लिनिकने काय सांगायला हवं? सगळी माहिती सहाव्यापाशीच येऊन थांबते.

सायनचा पूल

हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायचा. एका सेशनचा परिणाम बहुतेकांत काही दिवसांतच ओसरू लागतो, म्हणून सहा झाल्यावर 'बघू' म्हणणं पुरत नाही. अंतर आठवड्यावरून दोन, मग तीन-चार आठवड्यांवर कसं न्यायचं, कोणत्या आकड्यावर थांबायचं, तोंडाने घ्यायचं औषध कोणतं चालू ठेवायचं, हे कागदावर हवं. आकडा म्हणजे डिप्रेशन मोजणारी पीएचक्यू-९ प्रश्नावली: नऊ प्रश्न, ० ते २७ गुण. किंवा त्याचसाठी डॉक्टरने भरायचा माड्रस हा तक्ता. प्रत्येक सेशनच्या आधी भरून घेतात आणि तुम्हाला त्याची प्रत देतात, ती जागा चांगली. 'चेहऱ्यावर तेज आलंय' ही मोजणी नव्हे.

सेशन लांबत गेले तर लघवीची चौकशी व्हायला हवी: वारंवार लागणं, जळजळ, रक्त. मोठ्या प्रमाणात आणि दीर्घकाळ घेणाऱ्यांत मूत्राशय खराब होतो. 'अजून एक लवकर मिळेल का' असं रुग्णच मागू लागला, तर अंतर वाढवणारा डॉक्टर हवा, तारीख देणारा नको.

आणि दोन सेशनच्या मधल्या रात्री विचार अंगावर आले तर फोन कोणाला करायचा? क्लिनिकचा रात्रीचा नंबर घ्या आणि एकदा खरंच लावून बघा, उचलतात का. सरकारी टेली-मानसचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. जिवाला धोका वाटला तर १०८ किंवा जवळच्या रुग्णालयाचा कॅज्युअल्टी विभाग, क्लिनिकची वेळ उघडायची वाट बघायची नाही.

दुसरी प्रत

+१. नंबर लावून बघण्याची सूचना रविवारी करा. सोमवारी सगळेच उचलतात.